ऊन दाखवलेली चौकी

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे, आणि तुम्ही मला रस्त्यात पाहिलंत तरी ओळखणार नाही. मी चेंडू नाही, पट नाही, पत्त्यांचा जोडही नाही. मी आवाजात राहतो. तुमच्या आजोबांच्या काळात गाण्यांच्या कॅसेट मिळायच्या ना, तसलीच एक काळी कॅसेट आणि तिच्या तपकिरी फितीवर भरलेला एक कर्कश आवाज, तो मी. मला टेपरेकॉर्डरमध्ये घालायचं, टेपरेकॉर्डरची तार संगणकाला जोडायची, संगणक टीव्हीला जोडायचा. मग मी पाचसात मिनिटं असा काही केकाटायचो की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. आणि एकदम सगळं शांत व्हायचं. काळ्या पडद्यावर अवकाशातली एक गोल चौकी उभी राहायची. तिला सहा दारं. चहूबाजूंनी शत्रूची यानं येणार आणि खेळणाऱ्याने ती चौकी राखायची.

हसू नका हं. तुमच्या फोनमधल्या खेळांपुढे मी काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यात उगाच धडाधड गोळ्या झाडायच्या नव्हत्या. माझ्यात डोकं चालवायचं होतं. चौकीत वीज थोडी आणि दारं सहा. कुठल्या दाराला किती वीज द्यायची, कुठलं यान बाहेर पाठवायचं, कुठलं घरात ठेवायचं, हवा तेवढा विचार करा. तोवर शत्रू थांबतो. तुम्ही बटण दाबलंत की मगच तो एक पाऊल पुढे सरकतो. आणि एक गोष्ट मला घडवणाऱ्याने दिलीच नाही, ती म्हणजे विजय. मला जिंकता येत नाही. फक्त टिकून राहता येतं.

मला घडवलं दूरच्या एका थंड देशातल्या तरुणाने, म्हणे आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. माझ्या हजारो कॅसेट निघाल्या. माझी भावंडं कुठे कुठे गेली देव जाणे. मी मात्र गेलो जयपूरला. जयपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे गोपीनाथ नावाचे प्राध्यापक वर्षभर त्या देशात शिकायला आले होते. परतताना त्यांनी मुलांसाठी एक छोटासा काळा संगणक घेतला आणि सोबत मला घेतलं. मालवीय नगरात त्यांचं घर होतं. तेव्हा तिथे आजच्यासारखी क्लासेसची आणि स्कूटरींची दाटी नव्हती. गच्चीवर उभं राहिलं की लांबवर मोकळी वाळू दिसायची.

घरात चार माणसं. गोपीनाथ, त्यांची पत्नी विनया, मुलगा अरुण आणि त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटी मैत्रेयी. माणसं मूळची कोकणातली, गुहागरकडची. बाहेर सगळा हिंदीचा कारभार आणि उंबऱ्याच्या आत अस्सल कोकणी माणसांची मराठी. अरुणला माझं परकं नाव उच्चारायचा कंटाळा. पहिल्याच दिवशी त्याने माझं बारसं केलं. 'चौकी.' तेव्हापासून मी चौकी.

काय दिवस होते ते! अरुण शाळेतून आला की दप्तर एका कोपऱ्यात आणि हा माझ्यासमोर. विनयाला संगणकातलं ओ की ठो कळत नसे. पण मुलगा कशात एवढा रमतो ते बघायला ती मटारची परात घेऊन शेजारी येऊन बसायची. हिवाळा होता, जयपूरचे मटार म्हणजे नुसते मोती. अरुणने सहा दारांना नावं दिली होती. एक बाबांचं, एक मैत्रेयीचं, एक कोकणातल्या आजीचं, असं करत करत.

"आणि माझं कुठलं रे?" विनयाने विचारलं.

"हे वरचं. निळं."

"मग कडी घाल त्याला नीट."

"आई, अवकाशात कडी नसते गं!"

"मेल्या, दार आहे म्हणजे कडी असणारच. घाल मुकाट्याने."

झालं! त्या दिवसापासून घरात तो खेळच होऊन बसला. विनया स्वयंपाकघरातून ओरडायची, "माझ्या दाराला कडी घातलीस का रे?" आणि अरुण इथून ओरडायचा, "घातली!" खरंच घालायचा हो. चौकीतली निम्मी वीज तो आईच्या दाराला द्यायचा. म्हणून मैत्रेयीचं दार नेहमी आधी पडायचं आणि ती रुसायची. "दादा, माझ्याच दाराला का कमी वीज?" तर हा म्हणायचा, "तुला कशाला वीज? तू शत्रूला चावशील की!" मग उशी फेकून मारामारी.

आता माझ्या दुसऱ्या बाजूबद्दल सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिचीच आहे. माझ्या पहिल्या बाजूवर खेळ होता. दुसरी बाजू कोरी होती. खेळ अर्धा सोडून उठायचं असलं, तर टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबून चौकी होती तशी त्या कोऱ्या बाजूवर भरून ठेवता यायची. दाराशी शत्रू उभा असेल तर तो तिथेच थांबायचा. उद्या लावलं की पुन्हा तिथूनच पुढे. अशी भरताना तिला एक नाव द्यावं लागे. अरुणचं नाव ठरलेलं होतं. आतून हाक यायची, "अरुण, ताट वाढलंय!" हा म्हणायचा, "आलोच!" आणि तोंडाने आलोच म्हणता म्हणता रोमन अक्षरांत तेच टाइप करायचा. आलोच. दर वेळी जुन्या आलोचवर नवा आलोच.

अरुण बारावीत होता. जयपूरजवळच्या चौमूंला त्याच्या मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. मित्राचा मोठा भाऊ त्याला स्कूटरवर घेऊन जाणार होता. विनयाने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती आणि हा आपला माझ्यापुढे. त्या दिवशी आईच्या निळ्या दारावर मोठी धाड आली होती. चार यानं अगदी उंबऱ्याशी. खाली स्कूटरचा हॉर्न वाजला.

"अरे, वरात निघून जाईल तिकडे! बंद कर ते आता," विनया म्हणाली.

"आई, तुझंच दार वाचवतोय."

"माझं दार काही पळून जात नाही. ऊठ बघू!"

"आलोच!"

त्याने जवळजवळ सगळी वीज निळ्या दाराला दिली, चौकी माझ्यावर भरली, आलोच असं नाव दिलं, शर्ट घातला आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेला. टेपरेकॉर्डरची तारसुद्धा काढली नाही त्याने, आल्यावर लावायचं म्हणून.

सीकर रोडवर ट्रकने स्कूटरला धडक दिली. मित्राचा भाऊ वाचला. आपला अरुण परत आला नाही.

मित्रांनो, त्या घराचं पुढे काय झालं ते मी सांगायला नको. बऱ्याच दिवसांनी गोपीनाथांनी माझी तार काढली. कॅसेटच्या पाठीला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर चुकूनसुद्धा दुसरं काही भरता येत नाही. गोपीनाथांनी ते तुकडे नखाने मोडले. मुलाला अग्नी देताना जो माणूस घट्ट उभा राहिला होता, तो ते दोन तुकडे मोडताना हुंदके देऊन रडला. मग त्यांनी मला डबीत घातलं आणि विनयाच्या हातात ठेवलं. "त्याची चौकी आहे ही. जप," एवढंच म्हणाले. संगणक आणि टेपरेकॉर्डर माळ्यावर गेले, मी विनयाच्या कपाटात, तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत.

वर्षभराने मैत्रेयी आईपाशी आली. तेरा वर्षांची होती पोर. "आई, एकदाच लावू का गं? मला दादाची चौकी बघायची आहे."

"हात लावायचा नाही!" विनया एवढ्या मोठ्याने ओरडली की गोपीनाथ धावत आले. "दाराशी शत्रू उभे आहेत. तू बटण दाबलंस की ते पुढे येतील. कडी घालून गेलाय तो. कुणी उघडायची नाही."

"विनया, अगं, पुढे आले तरी पुन्हा पहिल्यासारखं लावता येतं. फितीवरचं कुठे जात नाही," गोपीनाथ समजावत होते.

"फीत झिजली तर? झिजत नाही असं म्हणा. म्हणा माझ्या गळ्याची शपथ घेऊन."

गोपीनाथ विज्ञान शिकवणारे गृहस्थ. फीत थोडी थोडी झिजतेच, हे त्यांना माहीत होतं. खोटी शपथ त्यांच्याच्याने घेववेना. त्या चौकीत मैत्रेयीचंही एक दार होतं, पण तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे ती नागपूरला डॉक्टर व्हायला गेली.

मला मात्र सांगावंसं वाटायचं, अहो, लावा मला! मी चांगला धडधाकट होतो तेव्हा. एका बटणाची तर गोष्ट होती. अरुणने मांडलेला तो डाव, त्याने दिलेली नावं, आईच्या दाराशी ओतलेली ती सगळी वीज, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर उभं केलं असतं मी. पण कॅसेटला स्वतःचं तोंड नसतं. दुसऱ्याने लावलं तरच ती बोलते.

आता उन्हाचं सांगतो. विनया गुहागरची, खाडीकाठची. तिकडे चार महिने पाऊस आणि घरात ओल. ट्रंकेतल्या साड्यांना बुरशी, पोथ्यांना कसर, लोणच्यालासुद्धा बुरा. म्हणून तिकडच्या बायका ऊन पडलं की घरातली चीजवस्तू खळ्यात, म्हणजे अंगणात मांडतात. त्याला म्हणतात ऊन दाखवणं. विनयाची आई म्हणायची, वस्तूला दर वर्षी ऊन दाखवावं, म्हणजे ती नातवंडांपर्यंत पुरते. विनयाने माहेरची ती शिकवण जयपूरला जशीच्या तशी आणली. ओलीचं नाव नाही अशा गावात ती गाद्यांना ऊन दाखवायची, डाळींना दाखवायची, पुस्तकांना दाखवायची. आणि तिच्या घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू कुठली? मीच ना!

मे महिन्यात गच्चीवर वाळवणं पडायची. सांडगे, कुरडया, पापड. गोपीनाथ कॉलेजात, मैत्रेयी नागपुरात. विनया मला शालूच्या घडीतून काढायची, डबीतूनही काढायची, म्हणजे आत ओल राहायला नको, आणि कुरडयांच्या शेजारी स्वच्छ पंचावर अलगद ठेवायची. शेजारी बसून कावळे हाकायची. कुणी नाही असं बघून माझ्याशी बोलायची. "कडी घातलेली आहे ना रे?" असं विचारायची. आणि उत्तर स्वतःच द्यायची, "आहे हो, आहे."

जयपूरचं मे महिन्यातलं ऊन, मित्रांनो! तिथे अनवाणी पाय गच्चीवर ठेवला तर फोड येतात. आणि मी काळा. माझं अंग तापून मऊ पडायचं, फीत फितीला चिकटायची, एकेक आवाज आतल्या आत वितळल्यासारखा व्हायचा. मी ओरडू शकत नव्हतो. संध्याकाळी ती मला पदराने पुसायची, "आता वर्षाची निश्चिंती," म्हणायची आणि पुन्हा शालूत ठेवायची. असं एका उन्हाळ्यात नाही झालं, किती उन्हाळ्यांत झालं. तिच्यावर रागवायला मला कधीच जमलं नाही. एवढ्या मायेने कुणी आपला जीव घेत असेल तर रागवायचं तरी कुणावर?

दिवस गेले. मैत्रेयी डॉक्टर होऊन जयपूरलाच एका इस्पितळात आली, तिचं लग्न झालं, वैष्णवी झाली. गोपीनाथ वारले. मग मैत्रेयी सगळं बिऱ्हाड घेऊन आईकडेच राहायला आली. विनया आता चौऱ्याऐंशीची झाली आणि तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. मैत्रेयीने आईपासून काही लपवलं नाही. "आई, डाव्या डोळ्याचं दिसणं गेलंय. उजव्याचं किती दिवस राहील सांगता येत नाही," असं स्पष्ट सांगितलं.

विनयाने ते ऐकून घेतलं. मग उठली, कपाट उघडलं, शालूच्या घडीतून मला काढलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"लाव."

"काय?" मैत्रेयीला खरं वाटेना.

"अरुणची चौकी लाव. माझं दार कसं ठेवून गेलाय ते एकदा बघू दे. डोळे आहेत तोवर बघू दे मला."

मैत्रेयीने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण तेरा वर्षांच्या पोरीसारखी रडली. तिलाही तेच हवं होतं ना इतकी वर्षं!

मग घरात काय लगबग! वैष्णवी इंजिनिअरिंगला. तिने माळ्यावरचा संगणक आणि टेपरेकॉर्डर उतरवला, शास्त्री नगरातल्या एका दुकानातून दुरुस्त करून आणला, एक जुना खोक्यासारखा टीव्ही पैदा केला. तिचं मराठी म्हणजे अर्धी हिंदीची फोडणी. "आजी, मतलब तू इतके साल एकदाही लावलं नाही?" आजी म्हणाली, "नाही बाळा. चुकलंच माझं."

माझी पहिली बाजू लावायची गरजच पडली नाही. वैष्णवीने फोनवर शोधलं, तर माझी भावंडं इंटरनेटवर ढिगाने! फोनमधूनच तिने खेळ संगणकात घातला. तेच किंचाळणं, तीच चौकी, तीच सहा दारं. मला बरं वाटलं. म्हणजे मी मेलो तरी खेळ मरणार नव्हता. पण विनया पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "ही नव्हे. ही कुणाची तरी कोरी चौकी आहे. आपली लाव." बरोबर होतं तिचं. खेळ हजारांकडे होता, अरुणची चौकी फक्त माझ्याकडे होती.

विनया चष्मा आणायला आत गेली तेव्हा मैत्रेयीने मला उजेडात धरलं. "वैष्णवी, ही अशी वाकडी कशाने झाली गं?" वैष्णवीने स्क्रू काढून माझी फीत दुसऱ्या एका कॅसेटच्या सरळ कवचात बसवली. ती कुठे कुठे चिकटली होती, ती हलक्या हाताने सोडवली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मग विनया आली, समोर बसली, आणि बटण दाबलं गेलं.

मी सगळं बळ एकवटलं. खरं सांगतो, आयुष्यात एवढा कधी झटलो नव्हतो. पण माझा आवाज थरथरायला लागला, मध्येच खोल जायला लागला. तरी पडद्यावर अक्षरं उमटली. पाच अक्षरं.

"ए, एल, ओ, सी, एच," वैष्णवीने वाचलं. "अलोच? ये क्या है, आजी?"

विनयाने पडद्याला हात लावला. "आलोच," ती म्हणाली. "आलोच म्हणतोय तो."

मैत्रेयीने तोंडावर पदर दाबला. आणि त्याच वेळी माझा आवाज फाटला. पडद्यावर रेघा वेड्यावाकड्या नाचल्या आणि खाली एक ओळ आली, फीत वाचता येत नाही. वैष्णवीने पुन्हा लावलं. या वेळी नावही आलं नाही. तिसऱ्यांदा टेपरेकॉर्डरने माझी फीत आत ओढून घेतली, तिची गुंतवळ झाली आणि ती तुटली. चौकी गेली. निळं दार गेलं, अरुणने मैत्रेयीच्या दाराला दिलेली थोडीशी वीज गेली, सगळंच गेलं. मी त्याला राखू शकलो नाही.

मग विनयाने विचारलं, "संपलं का गं?"

"हो आई. फीत जुनी झाली होती."

"असं कसं झालं?" विनया कळवळून म्हणाली. "मी तर दर उन्हाळ्यात न चुकता ऊन दाखवत होते तिला. गच्चीवर, दिवस दिवस. सोबत बसून."

मैत्रेयीने मान वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. वैष्णवी काहीतरी बोलायला गेली, तर मैत्रेयीने तिचा हात घट्ट दाबला. मग ती आईजवळ सरकली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"म्हणून तर, आई," ती म्हणाली. "म्हणून तर त्याचं नाव तरी उरलं. तू ऊन दाखवलं नसतंस, तर तेवढंही आलं नसतं."

"हो ना?" विनया म्हणाली. "मला वाटलंच. आमची आई सांगायचीच तसं." आणि तिने डोळे पुसले.

आता मी तुटलेल्या फितीसकट देवघरातल्या स्टीलच्या डब्यात आहे. विनयाला हल्ली दिसत नाही. पण रोज दिवा लावल्यावर ती डबा चाचपून बघते. मैत्रेयी मात्र मे महिना आला की गच्चीवर जात नाही. घरात पापड विकतचे येतात.

मित्रांनो, तुमच्या घरात गेलेल्या माणसाचं काही जपून ठेवलेलं असेल, तर ते आजच बाहेर काढा. चित्र असेल तर बघा, आवाज असेल तर ऐका, खेळ असेल तर खेळा. झिजू दे, हरकत नाही. वापरून झिजलेलं निदान तुमच्या डोळ्यांत तरी उरतं. आणि जपायचंच असेल, तर त्या वस्तूला काय सोसतं ते आधी विचारून घ्या. माया सगळ्यांपाशी असते, पण तेवढीच पुरत नाही.

आणि एक विनंती. तुम्ही कधी मालवीय नगरात आलात, आणि गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या विनयाआजी तुम्हाला भेटल्या, त्यांनी कौतुकाने माझी गोष्ट सांगितली, तर मुकाट ऐकून घ्या. उन्हाचं तेवढं बोलू नका.